हिशेबात न मावलेली माणसे : मुंबईच्या नगरसुधाराची पहिली पस्तीस वर्षे

सार्वजनिक पैशातून शहराचा जीर्णोद्धार करायचा असे एकदा ठरले की दोन प्रश्न अपरिहार्यपणे उभे राहतात. कामावर आणि खर्चावर देखरेख कोणी ठेवायची, हा पहिला. आणि काम साधले की फसले हे कोणत्या मापाने ठरवायचे, हा दुसरा. पहिला प्रश्न हिशेबतपासनिसांचा आणि दुसरा राज्यकर्त्यांचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे त्यांत काही असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमचे मत थोडे निराळे आहे. ज्या चाळींतून आणि गल्ल्यांतून मराठीचे महानगरी साहित्य आले, त्यांतल्या कितीतरी चाळी कोणत्या तरी अंदाजपत्रकातून उभ्या राहिल्या, आणि कितीतरी गल्ल्या कोणत्या तरी नकाशावरच्या रेषेमुळे बदलल्या. ते अंदाजपत्रक आणि ती रेषा समजून घेतल्याखेरीज त्या साहित्याचे वाचन अपुरे राहते, असे आम्हांला वाटते. म्हणूनच येथे आपण मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा आणि त्याच्या मागून आलेल्या डेव्हलपमेंट खात्याचा इतिहास, देखरेखीच्या अंगाने, थोडा बारकाईने पाहू.

१

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांच्या नजरेस आले. पुढच्या काही महिन्यांत शहर सोडून जाणाऱ्यांच्या रांगा लागल्या, गिरण्या ओस पडू लागल्या आणि मुंबईच्या मालाकडे परदेशी बंदरे संशयाने पाहू लागली. १८९१ च्या खानेसुमारीत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. एका वाढत्या औद्योगिक शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, एवढ्यावरूनच त्या संकटाची कल्पना यावी.

सरकारचा पहिला प्रतिसाद पोलिसी होता. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ, प्रवाशांची तपासणी. पुण्यात त्याची परिणती जून १८९७ मधील रँडच्या हत्येत झाली, हे आपण सारे जाणतो. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत मोठा दंगा झाला. माणसांवर सक्ती करणे महाग पडते, हे ध्यानात आल्यावर सरकारचे लक्ष माणसांवरून जागेकडे वळले. रोग जागेत राहतो, कोंदट हवेत आणि ओलसर जमिनीत वाढतो, असा त्या काळच्या पुष्कळ अधिकाऱ्यांचा विश्वास होता. तेव्हा जागाच मोकळी केली तर रोगाचे मूळ उपटले जाईल, अशी ही विचारसरणी. १८६६ च्या कायद्याने ग्लासगो शहराने आपल्या जुन्या वस्त्या पाडण्याचे जे काम हाती घेतले होते, त्याचा नमुना समोर होताच.

लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर असताना १८९८ चा चौथा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्रस्ट अस्तित्वात आला. नवे रस्ते काढणे, दाट वस्त्या मोकळ्या करणे, समुद्र हटवून जमीन मिळवणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे, ही त्याची कामे. यातला एक तपशील पुढील इतिहासाच्या दृष्टीने बोलका आहे. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ याने प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो असे १८९८ मध्येच दाखवले होते. १९०५ नंतर मुंबईतच काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने त्याला पुष्टी दिली. म्हणजे ज्या वैद्यकीय समजुतीवर ट्रस्टची उभारणी झाली होती, ती ट्रस्टच्या पहिल्या दशकातच खचली. तरी ट्रस्ट चालू राहिला, कारण एव्हाना जमिनी संपादन झालेल्या होत्या, कर्जे उभारली गेली होती आणि रस्त्यांची आखणी झाली होती. योजनेचे मूळ कारण गेले तरी योजना आपल्या वजनाने पुढे सरकत राहते. असे घडण्याची ती पहिली वेळ नव्हती, आणि अखेरचीही नव्हती.

२

ट्रस्टची रचना पाहण्यासारखी आहे. चौदा विश्वस्तांचे मंडळ; त्यांतले चार महापालिकेने निवडून द्यायचे, एकेक चेंबर ऑफ कॉमर्स, पोर्ट ट्रस्ट आणि गिरणीमालक संघाने; उरलेले सरकारी अधिकारी व सरकारने नेमलेले सभासद, अध्यक्षही सरकारनेच नेमलेला. सरकारने व महापालिकेने आपल्या जमिनी ट्रस्टच्या स्वाधीन केल्या, महापालिकेने आपल्या उत्पन्नातून दरवर्षी वाटा द्यायचा होता आणि बाकीचा पैसा कर्जरोख्यांतून उभारायचा होता. प्रत्येक योजना जाहीर करावी, हरकती ऐकाव्यात, सरकारची मंजुरी घ्यावी, दरसाल अहवाल आणि हिशेब सादर करावेत, असे सारे कायद्यात होते. आजच्या परिभाषेत बोलायचे तर पारदर्शकतेच्या बहुतेक अटी कागदोपत्री पूर्ण होत होत्या.

पण पहारेकरी कोण होते? महापालिकेचा मतदार मूठभर करदात्यांचा. घरमालकांचे तेथे मोठे वजन होते. त्यामुळे महापालिकेतून ट्रस्टवर जी टीका होई ती मुख्यतः दोन मुद्द्यांवर: आमच्या अधिकारांवर हे अतिक्रमण आहे, आणि मालकांना मिळणारी भरपाई अपुरी आहे. ज्यांची खोली पाडली जाणार त्या भाडेकरूला या व्यवस्थेत कोठेच स्थान नव्हते. हरकत घेण्याचा हक्क मुख्यतः मालमत्तेच्या धन्याला, भरपाईच्या न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याचा हक्कही त्यालाच. १९२२ मध्ये महापालिकेचा मताधिकार दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यापर्यंत खाली आला. पण गिरणी कामगाराच्या एका खोलीचे भाडे बहुधा त्याहून कमी असे. देखरेख होती; मात्र जो सुधारणेचा विषय होता, तो देखरेख करणाऱ्यांत नव्हता.

भरपाईच्या पद्धतीतही एक विलक्षण विसंगती दडलेली होती. घराची किंमत त्यातून मिळणाऱ्या भाड्यावरून काढली जाई. ज्या मालकाने एका खोलीच्या तीन केल्या, माळे चढवले, अंधाऱ्या कोपऱ्यात बिऱ्हाडे घातली, त्याचे भाड्याचे उत्पन्न अधिक, म्हणून भरपाईही अधिक. म्हणजे आरोग्याला सर्वांत घातक घर सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने सर्वांत किमती ठरे. ट्रस्टने नागपाड्याची योजना पहिल्या क्रमांकाची म्हणून हाती घेतली आणि तेथेच हा अनुभव आला. संपादनाचा खर्च वाढला, काम रेंगाळले, आणि मोकळ्या केलेल्या जागेतून उत्पन्न येईपर्यंत व्याज चालू राहिले.

त्यामुळे ट्रस्टचा ओढा हळूहळू रस्त्यांकडे आणि नव्या वसाहतींकडे वळला. प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामळदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (ज्याच्या पश्चिमेकडील भागाला आज सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव आहे) हे जुन्या शहराला छेदून पूर्व-पश्चिम काढलेले रस्ते त्या काळचे. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत खोलवर पोहोचावा, हा त्यांमागचा उद्देश म्हणून सांगितला जाई. रस्ता झाला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या भूखंडांचे मोल वाढे, ते भाडेपट्ट्याने देता येत, आणि ताळेबंदात जमेची बाजू दिसू लागे. गरिबांच्या चाळीचे भाडे मात्र खर्च भरून काढीत नसे. आम्हांला येथे कोणाच्या हेतूवर शंका घ्यायची नाही. हिशेबाची रचनाच अशी होती की रस्ता नफ्यात दिसे आणि खोली तोट्यात.

३

१९०९ च्या सुमारास ट्रस्टच्या अध्यक्षपदी आलेले जे. पी. ऑर हे या इतिहासातले सर्वांत विचारी अधिकारी म्हणावे लागतील. सरसकट पाडापाडीच्या धोरणाचे दोष त्यांनी जाहीरपणे मांडले. वस्ती पाडली तर तेथले लोक नाहीसे होत नाहीत, ते शेजारच्या वस्तीत दाटी करतात आणि तेथे नवी गलिच्छ वस्ती तयार होते, हे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी दोन उपाय पुढे केले. एक, उत्तरेकडे नव्या वसाहती उघडून शहरातील दाटी आपोआप कमी होऊ द्यायची. याला ते ‘अप्रत्यक्ष हल्ला’ म्हणत. दुसरा, सारी इमारत न पाडता अंधाऱ्या खोल्यांपुरता भाग काढून टाकायचा आणि नव्या बांधकामाला उजेडाचा नियम लावायचा. ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ म्हणून तो प्रसिद्ध झाला. त्याचे सार सोपे आहे: समोरच्या इमारतीची जितकी उंची, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा खोलीच्या खिडकीपुढे असावी, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतूनही आकाशाचा तुकडा दिसेल.

‘अप्रत्यक्ष हल्ल्या’चे फळ म्हणजे दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील आखीव वसाहती. रुंद रस्ते, बागा, स्वतंत्र न्हाणीघर-शौचालय असलेले फ्लॅट. निखिल राव यांनी आपल्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे, मुंबईच्या मध्यमवर्गाची राहणी घडली ती या वसाहतींत. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, दाक्षिणात्यांचे माटुंगे ही सारी या योजनेची देणगी. परंतु नागपाड्यातून किंवा मांडवीतून उठवलेला हमाल माटुंग्याला राहायला गेला नाही. भाडे परवडणारे नव्हते आणि कामाची जागा दूर होती. दाटी ‘आपोआप’ कमी होईल ही अपेक्षा ज्यांना हलणे शक्य होते त्यांच्यापुरती खरी ठरली.

ट्रस्टने आग्रीपाडा, परळ, मांडवी-कोळीवाडा अशा ठिकाणी कामगारांसाठी चाळीही बांधल्या. ‘बी.आय.टी. चाळी’ हे नाव मुंबईच्या बोलण्यात अजून टिकून आहे. मात्र ज्यांची घरे पाडली तेच लोक या चाळींत आले का, हा प्रश्न ट्रस्टच्या अहवालांच्या आखणीत बसत नव्हता. किती गाळे पाडले, किती बांधले, किती भाडे वसूल झाले, मृत्यूचे प्रमाण किती उतरले, याचे तक्ते तयार होत. पाडलेल्या गाळ्यातले कुटुंब दुसऱ्या दिवशी कोठे गेले, याला रकाना नव्हता. प्रशांत किडंबी यांच्यासारख्या इतिहासकारांनी पुढे दाखवून दिले की विस्थापितांपैकी फार थोडे लोक नव्या चाळींपर्यंत पोहोचले. १९११ च्या खानेसुमारीत शहरातील दर दहा गाळ्यांपैकी सुमारे आठ एका खोलीचे होते. ट्रस्टच्या पहिल्या बारा वर्षांनंतरची ही स्थिती होती.

४

महायुद्धानंतर घरटंचाई पराकोटीला गेली, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये एक नवे डेव्हलपमेंट खाते उभे केले. ट्रस्टमध्ये निदान महापालिकेचे चार प्रतिनिधी होते. हे खाते मात्र थेट सरकारच्या हाताखालचे. कामाला वेग हवा, म्हणून मंडळे आणि चर्चा नकोत, असा त्यामागचा तर्क. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे १६,०००. काँक्रीटच्या भिंती, १६० चौरस फुटांची खोली, सामायिक शौचालये. वरळीच्या चाळी तर पहिली काही वर्षे बऱ्याच अंशी रिकाम्या पडून होत्या. घरांसाठी तडफडणाऱ्या शहरात सरकारी घरे रिकामी राहावीत, यापेक्षा नियोजनावरचे अधिक कडक भाष्य कोणते असणार! बांधण्यापूर्वी कामगाराला विचारले असते, तर भाडे किती परवडते, गिरणी किती लांब चालते, खोलीत वारा कसा हवा, हे त्याने सांगितले असते.

याच खात्याचे दुसरे काम बॅक बे भरणीचे. कुलाब्यापासून उत्तरेकडे समुद्राची १,१४५ एकर जमीन आठ भागांत मिळवायची अशी ही प्रचंड योजना. खर्चाचे अंदाज वाढत गेले, ड्रेजरचे काम वचनाप्रमाणे होईना, भरणीचा चिखल भिंतीतून पुन्हा समुद्रात जातो अशा तक्रारी येऊ लागल्या. येथे देखरेखीची एक निराळी जात आपल्याला दिसते. मुंबईचे वकील आणि कायदेमंडळाचे सभासद खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी सभागृहात आणि वृत्तपत्रांत या कारभाराची लक्तरे बाहेर काढली. १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मियर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. विश्वेश्वरय्या तिचे एक सभासद होते. खात्यातील हार्वे नावाच्या अभियंत्याने नरिमनांवर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. योजना आवरती घेण्यात आली. आठांपैकी चारच भाग हाती राहिले. स्वातंत्र्यानंतर याच किनाऱ्यावर पुन्हा भरणी करून जो व्यापारी विभाग उभा राहिला, त्याला ‘नरिमन पॉइंट’ हे नाव मिळाले. समुद्रातील भरणीच्या सर्वांत कठोर टीकाकाराचे नाव भरणीच्याच जमिनीला लागावे, हा इतिहासाचा विनोद मुंबईकर रोज उच्चारतो आणि विसरतो.

नरिमनांचे यश मोठे होते. पण त्याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. करदात्याचा पैसा समुद्रात जातो आहे, हे सिद्ध करता येत होते, कारण घनफूट आणि रुपये मोजता येत होते. त्याच खात्याच्या रिकाम्या चाळींबद्दल टीका पुष्कळ झाली, पण तेथे न पोहोचलेल्या कामगाराच्या वतीने दाखल करता येईल असा दावा कोणत्याच न्यायालयात नव्हता. पैशाच्या नासाडीला आरोपी सापडतो, माणसाच्या विस्थापनाला सापडत नाही.

पुढे ट्रस्टचा स्वतंत्र संसारही आटोपला. १९२५ च्या कायद्याने त्याची कामे महापालिकेच्या कक्षेत नेण्याची व्यवस्था झाली आणि १९३३ मध्ये तो महापालिकेत पूर्णपणे विलीन झाला. कल्पना मात्र टिकली. कलकत्त्यात १९११ च्या कायद्याने, दिल्लीत १९३७ मध्ये, आणि नागपुरात १९३६ च्या कायद्याने असेच ट्रस्ट उभे राहिले.

५

येथवरचा इतिहास सरकारी कागदांवरून सांगता येतो. आता दुसऱ्या बाजूने पाहू. परळच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक एकमध्ये, दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन दशकांहून अधिक वर्षे गेली. पुढे १९३०च्या दशकात ते ज्या ‘राजगृहा’त राहायला गेले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे ट्रस्टच्याच आखणीतल्या वसाहतीत. ट्रस्टच्या दोन धोरणांमधले, कामगारांची चाळ आणि मध्यमवर्गाची कॉलनी यांमधले अंतर एका माणसाने आपल्या आयुष्यात ओलांडले. ते किती जणांना ओलांडता आले असेल, याचा अंदाज करण्यासाठी तो माणूस कोण होता हे आठवावे.

आणि नागपाडा? ट्रस्टची ‘योजना क्रमांक एक’ ज्या भागात राबवली गेली, त्याच परिसराच्या आसपास अर्ध्या-पाऊण शतकानंतर मराठीतील दोन महत्त्वाची पुस्तके वावरतात. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. ‘बलुतं’मधला कावाखाना नागपाडा-कामाठीपुऱ्याच्या परिसरातलाच. मोकळी हवा, रुंद रस्ता, उजेडाचा कोन, या साऱ्यांनंतर त्या परिसरात माणसे कशी राहत होती, याचा वृत्तान्त आपल्याला ट्रस्टच्या कागदांत मिळत नाही, या पुस्तकांत मिळतो. साहित्य म्हणजे समाजशास्त्राचा पुरावा, असे येथे आम्हांला सुचवायचे नाही. तसे म्हणणे साहित्यावर अन्याय करणारे ठरेल. आमचा मुद्दा मर्यादित आहे. अहवालाने जो रकाना आखलाच नव्हता, त्यात कोण राहत होते, याची जाणीव ही पुस्तके करून देतात. आणि ती जाणीव झाल्यावर अहवालही निराळा वाचला जातो; त्यातली मौने ऐकू येऊ लागतात.

याचा वर्तमानाशी संबंध नाही असे कोणी म्हणू नये. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये केली, तेव्हा मंजूर गृहप्रकल्पांपैकी अगदी थोडेच पुरे झाल्याचे दिसले. म्हणजे हिशेब तपासणारी यंत्रणा आज पूर्वीपेक्षा पुष्कळ समर्थ आहे, हे मान्य करायला हवे. लॉइडसाहेबांच्या चाळींचा पुनर्विकास २०१७ मध्ये जाहीर समारंभाने सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट. आजोबा-पणजोबांपासून एकाच खोलीत वाढलेल्या कुटुंबांचा आनंद खरा आहे आणि त्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार कोणालाच नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या योजनेहून एक मूलभूत फरकही येथे आहे: ज्याची खोली पाडली, त्याचे नाव यादीत आहे. परंतु यादीत नाव येण्यासाठी कागद लागतो. पोटभाडेकरू, चाळीच्या आडोशाने धंदा करणारा, खानावळ चालवणारी बाई, खाटेपुरती जागा घेऊन राहणारा गडी, यांचा रकाना आजही अरुंदच आहे. शिवाय देखभालीचा मासिक खर्च नव्या उंच इमारतीत किती येईल आणि तो पेलून हीच कुटुंबे वीस वर्षांनी तेथे असतील का, हे मोजण्याची जबाबदारी कोणाची, हेही ठरायचे आहे.

आमची विद्यार्थ्यांना आणि विशेषतः अध्यापकांना एक सूचना आहे. महानगरी साहित्य शिकवताना ट्रस्टच्या वार्षिक अहवालाची पाच पाने ‘बलुतं’च्या शेजारी ठेवून वाचावीत. अहवालातल्या तक्त्यांना आणखी कोणते रकाने हवे होते, ते वर्गाकडून लिहून घ्यावे. त्या रकान्यांची यादी वाढत जाईल, काही रकाने भरणे अशक्य आहे हेही मुलांच्या ध्यानात येईल. ते अशक्य का झाले, या प्रश्नावर तास संपला तरी हरकत नाही.